एका मोठ्या संख्येचें कुलशील

आजच्या भाषणाचा विषय एकच संख्या आहे. ती अशी : २,१४,७४,८३,६४७. दोन अब्ज, चौदा कोटी, चौऱ्याहत्तर लक्ष, त्र्याऐंशी हजार, सहाशें सत्तेचाळीस. ज्यांच्याजवळ कागद व पेन्सिल असेल त्यांनीं ती उतरून घ्यावी. पुढें एका ठिकाणीं तिचा उपयोग होईल.

हिशेबाच्या वहींत अशी एखादी रक्कम आढळली, तर आपण तिच्याकडे केवळ लहानमोठेपणाच्या दृष्टीनें पाहतों. गणिताचा अभ्यासक तसें करीत नाहीं. सोयरीक जुळवितांना आपल्याकडे जशी कुलशीलाची चौकशी होते, तशी चौकशी तो संख्येची करतो. हिचा जन्म कसा झाला? हिचे भाजक कोण? हिचें नातें कोणत्या संख्यांशीं आहे? आणि हिच्याविषयीं जें सांगितलें जातें तें कोणीं पडताळून पाहिलें आहे काय? आज या शेवटच्या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. कारण या एका संख्येविषयीं विद्वान् माणसांनीं वेळोवेळीं पुराव्यावांचून गोष्टी गृहीत धरल्या, आणि त्यांतल्या एका गृहीताचा निकाल लागावयाचा अद्याप शिल्लक आहे.

प्रथम जन्म पाहूं. बुद्धिबळाच्या पटाची व धान्याच्या दाण्यांची कथा आपण लहानपणीं ऐकली असेल. पटाच्या पहिल्या घरांत एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, याप्रमाणें प्रत्येक घरांत मागील घराच्या दुप्पट दाणे ठेवीत जावयाचे. पहिल्या दोन घरांतील दाण्यांची बेरीज तीन, पहिल्या तीन घरांची सात, चारांची पंधरा, पांचांची एकतीस. ही बेरीज नेहमीं पुढच्या घरांतील दाण्यांहून एकानें कमी येते. असें करीत एकतीस घरें भरलीं, म्हणजे अर्धा पट भरावयास केवळ एक घर उरलें, कीं पटावर आपली संख्या तयार होते. गणिताच्या भाषेंत, दोनाचा एकतिसावा घात घेऊन त्यांतून एक वजा केला कीं ती मिळते.

आतां तिचे भाजक. ज्या संख्येला एक व ती स्वतः यांवांचून दुसरा भाजक नसतो, तिला मूळ संख्या म्हणतात. तीन, सात, एकतीस या अशा संख्या होत. ज्यांना इतर भाजक असतात त्या संयुक्त, उदाहरणार्थ पंधरा. आपली संख्या या दोहोंपैकीं कोणत्या वर्गांत पडते? तिचा शेवटचा अंक सात आहे, म्हणून तिला दोननें किंवा पांचानें भाग जाणार नाहीं. तिच्या सर्व अंकांची बेरीज शेहेचाळीस होते. शेहेचाळिसास तीननें भाग जात नाहीं, म्हणून संख्येसहि जाणार नाहीं. यापुढें सात, अकरा, तेरा असें एकेका मूळ संख्येनें भागून पाहावें लागेल. हें कोठपर्यंत करावयाचें? संख्येच्या वर्गमूळापर्यंत, कारण संख्येचे दोन अवयव पडलेच, तर त्यांपैकीं एक तरी वर्गमूळाहून मोठा असूं शकत नाहीं. आपल्या संख्येचें वर्गमूळ ४६,३४० हून किंचित् अधिक आहे, आणि तेथपर्यंत ४,७९२ मूळ संख्या आहेत. रोज दहा भागाकार केले तरी सुमारें सोळा महिने लागतील, आणि मध्येंच एखादी बाकी चुकली तर सारे श्रम व्यर्थ.

दोनाच्या घातांतून एक वजा करून होणाऱ्या संख्यांचें कुळ मोठें आहे, आणि त्यांत मूळ व संयुक्त अशा दोन्ही प्रकारच्या संख्या आढळतात. घातांक स्वतः संयुक्त असेल, तर संख्या संयुक्तच निघते. घातांक नऊ घेतल्यास ५११ ही संख्या मिळते आणि तिचे सात व त्र्याहत्तर हे अवयव पडतात. म्हणून घातांक मूळ असणें अवश्य आहे. परंतु तेवढें पुरेसें नाहीं. अकरा ही मूळ संख्या आहे, तथापि दोनाच्या अकराव्या घातांतून एक वजा केला कीं २,०४७ उरतात, आणि तेवीस गुणिलें एकोणनव्वद म्हणजे नेमके तितकेच होतात. तात्पर्य, एकतीस हा घातांक मूळ आहे, एवढ्यावरून आपल्या संख्येला मूळपणाचा दाखला देतां येत नाहीं.

तसा दाखला देण्याची घाई मात्र अनेकांनीं केली. इटलींतील बोलोन्या येथील गणिती कातालदी यानें १६०३ सालीं सतरा व एकोणीस या घातांकांच्या संख्या मूळ असल्याचें सांगितलें, आणि तें खरें होतें. परंतु त्याबरोबरच तेवीस, एकोणतीस, एकतीस व सदतीस यांचीहि त्यानें भर घातली. फ्रान्समधील फर्मा यानें १६४० सालीं तेवीस व सदतीस यांविषयींचें विधान खोटें ठरविलें : पहिल्या संख्येस सत्तेचाळिसानें भाग जातो व दुसरीस दोनशें तेविसांनीं. चारच वर्षांनीं, १६४४ सालीं, मारँ मर्सेन या फ्रेंच साधूनें आपल्या ग्रंथांत २५७ पर्यंतच्या घातांकांची एक यादी दिली. तींत २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ व २५७ असे अकरा घातांक होते. एवढ्या मोठ्या संख्या तपासून पाहण्याचें साधन त्याच्यापाशीं असणें शक्य नव्हतें. पुढें तपासणी झाली तेव्हां ६७ व २५७ चुकीचे निघाले, आणि ६१, ८९ व १०७ हे राहून गेले होते असें दिसून आलें. तरीहि या कुळास आजतागायत मर्सेनचेंच नांव आहे. एकतीस या घातांकाबद्दल त्याचें म्हणणें बरोबर निघालें, हें खरें. पण बरोबर आलेला तर्क आणि सिद्ध झालेली गोष्ट या एक नव्हेत.

सिद्धता दिली ती लेओनार्ड ऑयलर यानें, १७७२ सालीं बेर्नुली घराण्यांतील एका गणितज्ञास लिहिलेल्या पत्रांत. ऑयलर त्या वेळीं पासष्ट वर्षांचा असून रशियांत सेंट पीटर्सबर्ग येथें राहत होता. त्याची दृष्टि जवळजवळ गेली होती, आणि लेखनाचें काम तो मुलांकडून व शिष्यांकडून करवून घेत असे. अशा मनुष्यास सोळा महिन्यांचे भागाकार करीत बसणें शक्य नव्हतें. त्यानें प्रश्नच फिरवून घातला. भाजक कोणता आहे हें शोधण्याऐवजीं, भाजक असलाच तर तो कोणत्या रूपाचा असला पाहिजे, हें त्यानें आधीं ठरविलें.

ही रीत समजण्यास कठीण नाहीं. मर्सेनच्या कुळांतील संख्येचा घातांक मूळ असेल, तर तिच्या कोणत्याहि मूळ भाजकांतून एक वजा केल्यावर जें उरतें, त्याला त्या घातांकानें निःशेष भाग जातो. हा शोध फर्माचा. मघांच्या २,०४७ चें उदाहरण घ्या. तिचे भाजक तेवीस व एकोणनव्वद. एक वजा केल्यास बावीस व अठ्ठ्याऐंशी. दोहोंसहि अकरांनीं भाग जातो. आपल्या संख्येचा घातांक एकतीस आहे आणि तिचा भाजक विषमच असणार. म्हणून भाजकांतून एक वजा केल्यास उरणाऱ्या संख्येस बासष्टांनीं भाग गेला पाहिजे. ही झाली पहिली चाळण. दुसरी चाळण अशी कीं, भाजकास आठांनीं भागलें असतां बाकी एक किंवा सात उरली पाहिजे. या दोन्ही चाळण्या एकत्र केल्या म्हणजे असें ठरतें कीं, भाजकास २४८ नीं भागल्यास बाकी एक तरी उरावी, नाहीं तर त्रेसष्ट तरी.

आतां ४६,३४० पर्यंत असे उमेदवार किती? पहिल्या प्रकारचे १८६. दुसऱ्या प्रकारचे, खुद्द त्रेसष्ट सोडून, तितकेच. एकूण ३७२. त्यांतूनहि २४९, ५५९ अशा ज्या संख्या स्वतःच संयुक्त आहेत त्या गाळावयाच्या. ज्यांनीं संख्या उतरून घेतली असेल त्यांनीं ३११ नें भागून पाहावें. ही दुसऱ्या प्रकारची पहिलीच मूळ संख्या आहे. बाकी ३५ उरेल. याप्रमाणें उरलेल्या सर्व उमेदवारांची परीक्षा झाली, आणि एकानेंहि भाग गेला नाहीं. आपली संख्या मूळ ठरली. तिच्याहून मोठी मूळ संख्या पुढें पाऊणशें वर्षांहून अधिक काळ कोणास दाखवितां आली नाहीं.

मूळपणाचा निर्णय लागतांच या संख्येचीं इतर नातीं उघड होतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस होऊन गेलेल्या निकोमाकस या ग्रीक गणितज्ञानें संख्यांचे तीन वर्ग वर्णिले आहेत. संख्येहून लहान असे तिचे सर्व भाजक मिळवावे. बेरीज संख्येपेक्षां कमी आली तर ती न्यून, जास्त आली तर अधिक, आणि बरोबर तेवढीच आली तर परिपूर्ण. बाराच्या भाजकांची बेरीज सोळा येते, म्हणून बारा ही अधिक संख्या. सहाचे भाजक एक, दोन व तीन, बेरीज सहा. म्हणून सहा ही परिपूर्ण. तिच्यानंतर २८, ४९६ व ८,१२८ या परिपूर्ण संख्या येतात. आपली संख्या मूळ असल्यामुळें तिच्याहून लहान असा भाजक एकच, तो म्हणजे एक. तेव्हां न्यूनतेंत तिचा हात धरणारें कोणी नाहीं. परंतु युक्लिडनें दाखविल्याप्रमाणें मर्सेनच्या कुळांतील प्रत्येक मूळ संख्या एका परिपूर्ण संख्येस जन्म देते. आपल्या संख्येला दोनाच्या तिसाव्या घातानें, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ नें, गुणलें कीं २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८ ही एकोणीस अंकी परिपूर्ण संख्या मिळते. अशा संख्यांच्या क्रमांत तिचा नंबर आठवा.

या एकोणीस अंकी संख्येविषयीं पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञानें १८११ च्या आपल्या ग्रंथांत एक भविष्य वर्तविलें. अशा संख्या केवळ कुतूहलाच्या असून निरुपयोगी आहेत, तेव्हां हिच्यापलीकडची परिपूर्ण संख्या शोधण्याचे श्रम कोणी घेईल असें दिसत नाहीं, आणि म्हणून हीच कायमची सर्वांत मोठी राहील, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. पुढें काय झालें? १८७६ सालीं फ्रान्समधील एद्वार ल्यूका यानें दोनाच्या १२७ व्या घातांतून एक वजा करून होणारी एकोणचाळीस अंकी संख्या मूळ असल्याचें सिद्ध केलें. १८८३ सालीं पेर्वुशिन या रशियन धर्मोपदेशकानें, मर्सेनच्या यादींतून सुटलेल्या ६१ या घातांकाची संख्या मूळ ठरविली. पुढें हें काम यंत्रांनीं हातीं घेतलें. २०२४ च्या ऑक्टोबरांत जाहीर झालेल्या याच कुळांतील एका मूळ संख्येंत चार कोटी दहा लक्षांहून अधिक अंक आहेत. निरुपयोगी म्हणून माणसें थांबतील, हा बार्लोचा तर्क फसला. आणि निरुपयोगी हें विशेषणहि कसें फसलें, तें लवकरच दिसेल.

तत्पूर्वीं आणखी दोन नातीं सांगतों. लाग्रांज या गणितज्ञानें १७७० सालीं सिद्ध केलें कीं, कोणतीहि पूर्ण संख्या जास्तींत जास्त चार वर्गांच्या बेरजेनें मांडतां येते. कित्येकींना दोन किंवा तीन वर्गच पुरतात. आपल्या संख्येला चारांहून कमी वर्ग पुरत नाहींत, आणि याचें कारण घरबसल्या पटण्याजोगें आहे. कोणत्याहि वर्गास आठांनीं भागल्यास बाकी शून्य, एक किंवा चार यांपैकींच उरते. यांतील कोणत्याहि तीन बाक्या मिळवून पाहा. बेरजेस आठांनीं भागून सात बाकी कधींच येणार नाहीं. आणि आपली संख्या आठाच्या पटीहून एकानें कमी असल्यामुळें तिची बाकी सातच आहे.

दुसरें नातें फसवें आहे. पांच ही मूळ संख्या. दोनाच्या पांचव्या घातांतून एक वजा केला कीं एकतीस, तीहि मूळ. एकतीस हा घातांक घेतला कीं आपली संख्या, तीहि मूळ. मग आपल्याच संख्येला घातांक करून पुढची संख्या बनविली तर ती मूळ असेल काय? त्या संख्येंत चौसष्ट कोटींहून अधिक अंक असतील. तीन पिढ्या सज्जन निघाल्या म्हणजे चौथीहि निघेल असें मनांत येतें. परंतु त्या प्रचंड संख्येस २९,५२,५७,५२,६६,२६,०३१ या संख्येनें निःशेष भाग जातो. चौथी पिढी संयुक्त आहे. पटावर एकतिसाव्या घरानंतर बत्तिसावें घर भरलें तरी असाच प्रकार होतो : ४,२९,४९,६७,२९५ ही बेरीज येते, आणि तिचे ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ असे पांच अवयव पडतात.

आतां उपयोगाकडे वळूं. छंदःशास्त्रांत लघु व गुरु अशा दोनच चिन्हांनीं सारीं वृत्तें मांडतां येतात, हें आपणांस ठाऊक आहे. संगणक यंत्रहि शून्य व एक या दोनच चिन्हांनीं सर्व संख्या लिहितें. त्या लेखनांत आपली संख्या म्हणजे ओळीनें एकतीस एक. पुष्कळ संगणकांत पूर्ण संख्येसाठीं बत्तीस स्थानें राखून ठेवण्याची पद्धति पडली. त्यांतील एक स्थान धन कीं ऋण हें दाखविण्यासाठीं खर्चीं पडलें, आणि उरलेल्या एकतीस स्थानांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ती आपलीच. या जागीं तिचा मूळपणा कामास येत नाहीं. ती तेथें आहे ती केवळ पात्र काठोकाठ भरल्याची खूण म्हणून. परंतु मूळपणाचाहि उपयोग झाला आहे. शास्त्रीय प्रयोगांत फांसे टाकल्यासारख्या अनियमित भासणाऱ्या संख्या यंत्राकडून करवून घ्याव्या लागतात. १९६९ सालीं लुईस, गुडमन व मिलर यांनीं त्यासाठीं एक रीत मांडली. कोणत्याहि संख्येस १६,८०७ नें गुणावें, गुणाकारास आपल्या संख्येनें भागावें, बाकी घ्यावी, आणि त्या बाकीवर पुनः तीच क्रिया करावी. असें केल्यास एक सोडून सर्व, म्हणजे २,१४,७४,८३,६४६ वेगवेगळ्या बाक्या येऊन गेल्यावरच पहिली बाकी पुनः येते. भाजक मूळ नसता तर हें घडलें नसतें. पुढें याहून सरस रीति निघाल्या. तरी बार्लोच्या त्या विशेषणाला उत्तर मिळून गेलें.

काठोकाठ भरलेल्या पात्राची गोष्ट मात्र अजून पुरी झालेली नाहीं. अनेक संगणक १ जानेवारी १९७० च्या आरंभापासून, ग्रीनिचच्या काळाप्रमाणें, सेकंद मोजीत आले आहेत. आणि तो हिशेब जेथें बत्तीस स्थानांतच ठेविला आहे, तेथें १९ जानेवारी २०३८ रोजीं, भारतीय वेळेप्रमाणें सकाळीं आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटें व सात सेकंदांनीं, तो आपल्या संख्येवर येऊन ठेपेल. पुढच्या सेकंदास पात्र ओसंडेल, ऋणाचें चिन्ह उमटेल, आणि यंत्र डिसेंबर १९०१ मधली तारीख दाखवूं लागेल. ही पद्धति ज्यांनीं घातली त्यांना एवढी मुदत पुरेशी वाटली असावी. परंतु २०१८ च्या आरंभानंतर वीस वर्षांच्या मुदतीनें ज्यांनीं घरासाठीं कर्ज घेतलें, त्यांचा शेवटचा हप्ता या तारखेच्या पलीकडे पडतो. तेव्हां हिशेब करणाऱ्या यंत्रास ती तारीख आजच वाचतां आली पाहिजे. उपाय ठाऊक आहे : बत्तिसांऐवजीं चौसष्ट स्थानें द्यावयाचीं, म्हणजे सेकंदांची मोजणी सुमारें २९२ अब्ज वर्षें पुरते. नव्या संगणकांत ही व्यवस्था झाली आहे. २०१४ सालीं यूट्यूबवरील एका कोरियन गीताच्या प्रेक्षकांची संख्या या मर्यादेबाहेर गेली, तेव्हां तेथेंहि चौसष्ट स्थानांचीच मोजणी ठेवण्यांत आली. अडचण आहे ती कारखान्यांत व उपकरणांत बसविलेल्या जुन्या, लहान यंत्रांची. त्यांत काय लिहिलें आहे तें एकेक उघडून पाहिल्यावांचून कळत नाहीं.

मर्सेननें न तपासतां यादी दिली, बार्लोनें न तपासतां भविष्य सांगितलें, आणि घड्याळाची मुदत ठरविणारांनीं पुढचें पुढें पाहूं असें म्हटलें. ज्यानें तपासलें तो ऑयलर. आणि त्यानेंहि सर्व ४,७९२ भागाकार केले नाहींत, कोणते करावयाचे हें आधीं विचारानें ठरविलें. २०३८ पूर्वीं जगांतील यंत्रें तपासण्याचें जें काम चाललें आहे, तेंहि याच मार्गानें पुरें होण्यासारखें आहे : सारीं यंत्रें मोडीत काढून नव्हे, तर ज्यांत तारखेचा हिशेब बत्तीस स्थानांत आहे अशीं निवडून काढून. त्या मंगळवारीं सकाळीं पावणेनऊच्या सुमारास आपल्या घरचें यंत्र बरोबर तारीख दाखवूं लागलें, तर समजावें कीं हें काम कोणीं तरी वेळेवर केलें होतें.